नखाचा ओरखडा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलाला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही माझ्या घरी येणार नाही, निपाणीला जाऊन कुणाच्या कानाला लागणार नाही – म्हणून असेल. भित्र्या माणसाला असाच श्रोता बरा पडतो.

आणि गोष्ट तरी केवढी? हातात धरून खेळायच्या एका गेमच्या स्क्रीनवर आलेला ओरखडा. हसू येतंय ना? येऊ द्या. पहिली एक-दोन वर्षं मीही स्वतःला हेच म्हणत होतो, की ओरखडाच तो, कुणाचा जीव नाही गेला. असं म्हटलं की थोडा वेळ बरं वाटायचं.

आधी माझा धंदा सांगतो, कारण सगळं त्यावर अडलेलं आहे. बेळगावात एका कारखान्यात मी तपासणीला असतो. पंपाचे सुटे भाग तयार होऊन माझ्या टेबलावर येतात, मी ते भिंगाखाली धरतो आणि सांगतो, पास की परत. बावीस वर्षं हेच करतोय. हा ओरखडा हत्याराचा, हा पेटीत एकावर एक माल फेकल्याचा, हा पुसताना फडक्यात लोखंडाचा कीस अडकला त्याचा – बघितल्याबरोबर कळतं. लेथवरच्या माणसानं आईची शपथ घेतली तरी चालत नाही, माझा शब्द शेवटचा. घरीही तेच. कपाटाच्या दारावर रेघ दिसली, नव्या कढईला चरा गेला, की स्मिता, माझी बायको, म्हणायची, यांना विचारा. आणि मी भिंग घेऊन यायचो. मला ते फार आवडायचं, खोटं कशाला बोलू?

पाच वर्षांपूर्वी स्मिताचा भाऊ परदेशातून आला, त्यानं माझ्या मुलाला, सोहमला, तो गेम आणला. सोहम तेव्हा बारा वर्षांचा. अशी वस्तू आमच्या घरात पहिल्यांदाच आलेली. तिची स्क्रीन काचेची नव्हती, प्लास्टिकची होती, आणि प्लास्टिक म्हणजे काय ते मला विचारा. मी लगेच नियम केले. हात साबणानं धुवायचे, कोरडे करायचे, मगच हात लावायचा. चिवडा खाऊन नाही. पालथा ठेवायचा नाही. पाऊचमध्ये किल्ली, नाणं, काही टाकायचं नाही. स्क्रीनवरचा गार्ड मी स्वतः बसवला – बाथरूममध्ये गरम पाणी सोडून आधी वाफ केली, म्हणजे हवेतली धूळ खाली बसते, आणि राहिलेला एकेक कण सेलोटेपनं उचलला. आमच्या देवघरात कधी एवढं सोवळं पाळलं गेलं नाही.

आता आक्काबद्दल सांगायला हवं. – बघा, इथे आलो की हात थांबतो.

शालनआक्का माझी मोठी बहीण, बारा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी सात वर्षांचा होतो, वडिलांचं असून नसून सारखंच. आक्कानं मला वाढवलं. तिचं लग्न झालं, नवरा चार वर्षांत गेला, मूल नाही. ती निपाणीत आमच्या जुन्या दोन खोल्यांत परत आली आणि मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसली. पानं भिजवायची, पत्र्याचा साचा ठेवून कात्रीनं कापायची, जर्दा भरायचा, वळायची, दोरा बांधायचा, आणि शेवटी विडीचं तोंड नखानं आत दुमडायचं. त्यासाठी ती उजव्या हाताच्या अंगठ्याचं नख वाढवायची. जाड, पिवळं, चमच्याच्या टोकासारखं. तेच तिचं हत्यार. त्या नखावर मी आयटीआय केली. हे कुणी सांगावं लागत नाही, मला ठाऊक होतं. त्या दिवशीही ठाऊक होतं.

दसऱ्याला ती दरवर्षी आमच्याकडे यायची. त्या वर्षीचं येणं मात्र वेगळं होतं. तिचे डोळे अधू व्हायला लागले होते, गुडघे धरले होते. दिवाळीनंतर तिनं कायमचं बेळगावला यायचं ठरलं होतं. मागची अडगळीची खोली आम्ही रिकामी केली, स्मितानं नव्या चादरी आणल्या. आक्का त्या खोलीत जाऊन नुसती उभी राहायची. खिडकीतून शेजारच्यांचा पेरू दिसायचा. एकदा मला म्हणाली, "म्हादू, हितं बसून मला पानं कापायला लई उजेड पडंल बघ." मी म्हटलं, आता कशाला कापतेस पानं? ती हसली.

आणि तिचं आणि सोहमचं त्या गेमवरून मेतकूट जमलं. ती त्याला 'पाटी' म्हणायची. त्यात एक खेळ होता – वरून फळं पडतात, बोट फिरवून ती टोपलीत ढकलायची. सोहमनं गंमत म्हणून तिच्या हातात दिला आणि आक्कानं पहिल्याच दिवशी त्याला हरवलं. का नाही हरवणार? चाळीस वर्षं ती बोटं थांबली नव्हती. ती आधी हात धुवायची, पदराला पुसायची, पुन्हा धुवायची, आणि मग बोटाचं पोट तेवढं टेकवून खेळायची. अंगठा बाहेर धरलेला, स्क्रीनपासून लांब. हे मी बघितलं होतं. एकदा नाही, चार वेळा बघितलं होतं. लक्षात ठेवा.

अष्टमीच्या दिवशी गार्डचा कोपरा तडकलेला दिसला. मी तो काढून टाकला. नवा कपाटात होता. म्हटलं, खंडेनवमीची पूजा होऊ दे, मग निवांत बसवतो. संध्याकाळी आक्का आणि सोहम तशाच उघड्या स्क्रीनवर खेळले. मीच हो म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्यात हत्यारं पुजतात. पाटावर माझं भिंग, मायक्रोमीटर, विळी, कोयता, स्मिताचं शिवणयंत्र बाजूला, आणि आक्काची कात्री नि साचाही – ती निपाणीहून रुमालात बांधून आणायची. मी म्हटलं, सोहमचा गेमही ठेवू. स्मिता म्हणाली, "त्याला कशाला? कुंकू लागेल, स्क्रीन उघडी आहे." मी म्हटलं, ज्याचं जे हत्यार ते पुजायचं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पाटाखाली कापड, कापडावर आणि भोवती मी स्वतः काढलेली रांगोळीची वेल – मला रांगोळी बरी येते. वर हळदीकुंकू, अक्षता, फुलं.

रीतीप्रमाणे पूजेतल्या वस्तू दसऱ्याच्या सकाळपर्यंत हलवत नाहीत. पण मला चैन पडेना. ओलं कुंकू प्लास्टिकवर डाग धरेल, ही धास्ती. संध्याकाळी सगळे देवळात गेले होते, मी एकटाच घरी. गेम उचलला. फडकं शोधायला आत कोण जाणार? पाटाखालच्या कापडाचं टोक ओढलं आणि पुसलं. गोल गोल, नेहमीच्या हातानं, जरा दाबून, कारण कुंकू निघत नव्हतं.

रांगोळी म्हणजे काय? दगड. शिरगोळा कुटून केलेली पूड. हे कुणाला सांगावं लागावं – मला? बावीस वर्षं फडक्यातल्या किसासाठी मी लोकांचा माल परत पाठवलाय. बोटांना ती खरखर कळली. कळली, आणि तरी पुढचे दोन वळसे हात फिरतच राहिला, कारण काय होतंय ते डोक्यात शिरायच्या आत हात पुढे गेला होता. मग दिव्याखाली धरला. स्क्रीनच्या मधोमध बारीक वर्तुळं, आणि त्यातली एक रेघ खोल, सरळ, बोटभर लांब. एखादा जाड कण सापडला असणार.

मी गेम पाऊचमध्ये घातला, चेन लावली. पाट होता तसा केला. कापड झटकलं – हो, तेही झटकलं. आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. तेव्हा मला खोटं बोलायचं नव्हतं. मला फक्त काहीच बोलायचं नव्हतं. चोर बहुतेक असाच होत असावा, आधी नुसता गप्प बसून.

दसऱ्याच्या सकाळी सोहमनं पाऊच उघडला.

तो रडला. बारा वर्षांचं पोर, पण असं रडला की शेजारच्या काकू डोकावल्या. स्मितानं मला विचारलं, "पुसताना काही झालं का?" मी म्हटलं, "मी मलमलीनं पुसलं." हे पहिलं खोटं. मग ती म्हणाली, "तुम्ही बघा बरं, कशाचं आहे." आणि मी उठलो. पाटावरचं भिंग उचललं, त्यावरचं कुंकू पुसलं, खिडकीशी गेलो, गेम उजेडात तिरका धरला. सगळे माझ्याकडे बघत होते. आक्का दाराशी, तिच्या हातात आपट्याची पानं होती, सोनं वाटायला म्हणून देठ खुडत होती.

भिंगातून मला काय दिसलं ते सांगू? वर्तुळं दिसली. फडक्याचा हात. कारखान्यात नवशिक्यालासुद्धा ओळखू आलं असतं. आणि माझा हात, माझ्या हाताचा वळसा, तो तर मी कुठेही ओळखीन.

मी म्हटलं, "नखाचा आहे."

बस्स. एवढंच. नाव घेतलं नाही मी, बघा किती हुशार. मी फक्त तपासणीचा निकाल दिला. नाव घ्यायची गरजच नव्हती, सगळ्यांचे डोळे आपोआप एका अंगठ्याकडे गेले. सोहमचे सुद्धा. त्याच्या डोळ्यांत जे होतं ते मी आधी तिच्याबद्दल कधी पाहिलं नव्हतं.

आक्कानं आपल्या नखाकडे बघितलं. उलटसुलट करून बघितलं. तिला ते आठवत नव्हतं, आठवणार कसं? पण म्हादू भिंगातून बघून सांगतोय. तिनेच शिकवलेला म्हादू. ती म्हणाली, "माझ्याच हातनं झालं असंल. मला मेलीला कळलं न्हाय बघ." आणि सोहमला म्हणाली, "चुकलं रं बाळा." बारा वर्षांच्या पोराची माफी मागितली तिनं. मी भिंग हातात घेऊन उभा होतो.

दुपारी ती मोरीजवळ बसलेली दिसली. स्मिताचं नेलकटर मागून घेतलं होतं. ते नख त्यानं कापलं जाईना, इतकं जाड, म्हणून पूजेतली कात्री आणून तिनं ते मुळापासून कापलं. पूजेतली कात्री, दसऱ्याच्या दिवशी. मी पाणी प्यायला आत आलो होतो. पाणी प्यालो आणि बाहेर गेलो. तेव्हा एक वाक्य पुरलं असतं. एक का, नुसतं तिच्या हातातून कात्री काढून घेतली असती तरी पुरलं असतं.

ती एकादशीलाच निपाणीला गेली. नख नाही तर विडीचं तोंड नीट दुमडत नाही, उकलतं. विडीच्या कारखान्यात माल तपासून घेणारा असतो, तो नापास विड्या बाजूला फेकतो, त्याला छाट म्हणतात. चाळीस वर्षांत आक्काची छाट कधी पसाभर निघाली नव्हती. त्या महिन्यात रोज निघायला लागली. हे मला तिच्या शेजारणीनं सांगितलं, आक्का बोलली नाही. नख दोन-तीन महिन्यांत वाढलं असतं, पण तिनं ते पुन्हा वाढवलंच नाही. पत्र्याचा एक तुकडा घासून घेतला, त्यानं दुमडते. हळू होतं, तर होऊ दे म्हणते.

दिवाळीनंतर मी तिला आणायला गेलो. ती आली नाही. म्हणाली, "हितंच बरं हाय रं मला. तुमच्या घरातलं समदं नाजूक." रागानं नाही. राग असता तर मी निदान भांडलो असतो. मी दोनदा आग्रह केला, तिसऱ्यांदा केला नाही, आणि बेळगावच्या गाडीत बसलो तेव्हा – हे लिहिताना मला माझी शिसारी येते – तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. कारण ती घरात राहिली असती तर मला रोज तिचा अंगठा बघावा लागला असता. आणि आणखी एक. कारखान्यातले लोक घरी आले की मला तिच्या अंगाला येणाऱ्या जर्द्याच्या वासाची लाज वाटायची. कधीपासून? नोकरी लागल्यापासून. म्हणून तर त्या सकाळी गुन्हेगार शोधायला मला लांब जावं लागलं नाही. तो हात मी आधीच बाजूला काढून ठेवलेला होता, माझ्या टेबलावर परत पाठवायचा माल असतो तसा. ओरखडा हे निमित्त मिळालं.

मागची खोली सोहमच्या अभ्यासाची झाली. खिडकीतला पेरू अजून आहे.

तुम्ही म्हणाल, पाच वर्षांत सांगायला वेळ मिळाला नाही? मिळाला की. निपाणीच्या स्टँडवर मिळाला, तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं तेव्हा मिळाला. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डोळ्यावर पट्टी होती, तिला माझं तोंड दिसत नव्हतं – याहून सोपी वेळ कुठली? मी तिच्या उशाशी बसून पेपर वाचून दाखवला. आणि माझी भीती तरी कसली होती? स्मिता चार दिवस बोलली नसती. सोहम रुसला असता. ते सगळं मी सोसलं असतं. पण या घरात पुन्हा कुणी 'यांना विचारा' म्हटलं नसतं. एवढ्यासाठी. खरंच एवढ्यासाठी.

सोहम आता कॉलेजात आहे. तो गेम ड्रॉवरमध्ये पडून असतो, चार्जसुद्धा करत नाही कुणी. खंडेनवमीला मी अजून पूजा मांडतो. सोहमचा लॅपटॉप ठेवतो, भिंग ठेवतो. दुसऱ्या दिवशी आधी फुंकर मारून रांगोळी उडवतो, मग ओल्या कापसानं कुंकू टिपून घेतो, घासत नाही. मी त्यातून शिकलो ते हे. कसं पुसावं, एवढंच.

या दसऱ्याला आम्ही निपाणीला गेलो, सोनं द्यायला. ती आता आमच्याकडे येत नाही, आम्हीच जातो. सोहमनं तिला कॉलेजचे फोटो दाखवायला फोन पुढे केला. तिनं हात मागे घेतला, पदर बोटांभोवती गुंडाळला आणि मग फोन धरला, चुलीवरचं भांडं उतरवतात तसा. सोहम म्हणाला, "अगं आत्या, गार्ड आहे त्याला, काही होत नाही." ती म्हणाली, "असू दे बाबा. माझ्या हाताचा काय भरवसा न्हाय." फोटो तिनं लांबूनच बघितले. मग त्याला विचारलं, "ती पाटी हाय का रं अजून?"

"आहे की ड्रॉवरमध्ये."

"आणि त्यो वरखडा?"

सोहमला चटकन आठवेना. त्याला आठवत नव्हतं! ज्याच्यासाठी सगळं झालं तो विसरून गेला होता. तो माझ्याकडे बघायला लागला. मग तीही माझ्याकडे बघायला लागली. ऑपरेशननंतर तिला चांगलं दिसतं. माझ्या हातात चहाचा कप होता, तिच्या मांडीवर सूप, सुपात तो पत्र्याचा तुकडा.

मी म्हटलं, "आता फारसा दिसत नाही, आक्का."

तिनं मान हलवली. एवढी वर्षं अडकलेलं काहीतरी सुटावं तसा तिचा चेहरा मोकळा झाला.

"तू बघितलास न्हवं," ती म्हणाली, "मग बरं झालं."